स्टुडिओला टाळं लागलं, पण त्यांच्या १९९९ च्या गेमला आजही नवी मिशन्स मिळतायत. हे चालतं कसं?

३१ ऑगस्ट २०२३. अमेरिकेतल्या शॅम्पेन शहरात व्होलिशन नावाच्या गेम स्टुडिओला टाळं लागलं. ‘सेंट्स रो’ ही गाजलेली मालिका यांचीच. तीस वर्षं चाललेला स्टुडिओ, मालक कंपनी एम्ब्रेसर काटकसरीला निघाली आणि एका दिवसात संपला.

पण याच स्टुडिओने १९९९ साली काढलेला एक गेम अजून संपलेला नाही. त्याचं नाव ‘फ्रीस्पेस २’. आजही काही लोक त्यासाठी नवीन मिशन्स बनवतात, दुसरे ती उडवून बघतात आणि तिसरे त्यात काय जमलं, काय फसलं ते लिहून ठेवतात. पगार यातल्या कुणालाच नाही.

दुसरीकडे, रोख पैसे मोजून घेतलेले अलीकडचे गेम सर्व्हर बंद होताच गायब होतायत. त्यावरून युरोपात विषय थेट कायद्यापर्यंत गेलाय. मग पंचवीस वर्षांचा म्हातारा गेम टिकतो आणि दहा वर्षांचा मरतो, हे कसं काय?

आधी हे गेम काय होते ते बघू. १९९० चा ‘विंग कमांडर’, १९९३ चा ‘एक्स-विंग’, १९९४ चा ‘टाय फायटर’ आणि मग १९९८ चा पहिला ‘फ्रीस्पेस’. तुम्ही लढाऊ यानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले असता. हातात जॉयस्टिक. इंजिनाला किती वीज द्यायची, तोफांना किती, शील्डला किती, हे लढता लढता ठरवायचं. मिशनच्या आधी कामगिरी समजावून सांगतात, मग वीसेक मिनिटांची लढाई आणि परत आल्यावर झाडाझडती. आपल्याकडे हे गेम फार थोड्यांनी खेळले. लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणणारे आणि घरी जॉयस्टिक असणारे असे ते मोजके लोक.

‘फ्रीस्पेस’मध्ये आपल्याला गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. त्यातल्या अनोळखी, सगळं नष्ट करत येणाऱ्या शत्रूला माणसांनी नाव दिलंय ‘शिवन’. शंकराच्या संहारक रूपावरून. दुसऱ्या भागात या शिवनांच्या एका प्रचंड युद्धनौकेचं नाव आहे ‘रावण’ आणि एका क्रूझरचं ‘राक्षस’. शंकराच्या नावाच्या सैन्यात रावण असणं आपल्याला पटतं, रावण शिवभक्त होताच. बनवणाऱ्यांनी इतका विचार केला होता का, ते मात्र विचारू नका.

समीक्षकांनी ‘फ्रीस्पेस २’ला डोक्यावर घेतलं, पण दुकानात तो आपटला. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २७ हजार प्रती खपल्या. त्यात व्होलिशनला टीएचक्यू कंपनीने विकत घेतलं आणि फ्रीस्पेसचे हक्क जुन्या प्रकाशकाकडे, म्हणजे इंटरप्लेकडे अडकले. तिसरा भाग निघणं शक्य नव्हतं. कथा तर ऐन मध्यावर थांबलेली. एका ताऱ्याचा स्फोट होतो, पृथ्वीकडे जाणारी वाट पहिल्या भागातच तुटलेली असते आणि पुढे काय, तर काही नाही.

मग एप्रिल २००२ मध्ये व्होलिशनने एक काम केलं, आणि या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. त्यांनी गेमचा सोर्स कोड लोकांना देऊन टाकला. अट एवढीच की त्यावर धंदा करायचा नाही. मिशन बनवण्याचं साधन ‘फ्रेड’ तर गेमसोबतच आलेलं होतं. स्टुडिओतले लोक ज्या हत्याराने मिशन बनवत, तेच हत्यार गिऱ्हाईकाच्या हातात.

याउलट ‘एक्स-विंग’ आणि ‘टाय फायटर’ बनवणाऱ्यांनी असं काही दिलं नव्हतं. चाहत्यांनी मिशनच्या फाइल्स उसवून आपली साधनं स्वतः घडवली. ‘एम्परर्स हॅमर’ नावाच्या चाहत्यांच्या क्लबने तर नव्वदच्या दशकापासून अशा मिशन्सचा मोठा संग्रह जमवलाय. क्लबमध्ये सैन्यासारखे हुद्दे आहेत. मिशन्स उडवली की पदकं आणि बढती मिळते, आणि मिशन्स तपासून संग्रहात घेण्याचं काम ठरावीक हुद्द्यावरच्या माणसाकडे असतं. हा पोरखेळ वाटेल. पण तपासणारा माणूस नेमलेला आहे, हे लक्षात ठेवा.

कारण साधन हातात आलं की पुढचा प्रश्न येतो. कुणीही मिशन बनवू शकतो म्हटल्यावर चांगलं कुठलं, हे सांगणार कोण?

सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. ज्याने जॉब बनवला, त्यालाच तपासायला देत नाहीत. क्यूसीवाला वेगळा असतो, कारण बनवणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसेनाशी होते. मिशन बनवणाऱ्याचं अगदी हेच होतं. स्वतःचं मिशन त्याने शंभर वेळा उडवलेलं असतं. शत्रू कुठून, कितव्या मिनिटाला येणार, हे त्याला पाठ असतं. म्हणून ते त्याला सोपं वाटतं, मग तो आणखी चार तुकड्या वाढवतो. पहिल्यांदा उडवणारा तिसऱ्या मिनिटाला मरतो.

हौशी मिशन्समधले दोष बहुतेक ठरलेले. पहिल्याच मिशनमध्ये चाळीस जहाजांची महायुद्धं. एक लाट मारली की दुसरी, मग तिसरी, ज्याला अंतच नाही. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे राखणीची मिशन्स. तुम्ही एका मालवाहू जहाजाला सांभाळत वीस मिनिटं घालवता आणि शेवटी एक बॉम्ब निसटतो. जहाज खलास, मिशन पहिल्यापासून.

इथे परीक्षणाचं खरं कसब लागतं. बॉम्ब निसटला तो खेळणाऱ्याच्या चुकीमुळे, की त्याला तिथे वेळेत पोचणं शक्यच नव्हतं म्हणून? पहिलं असेल तर मिशन कठीण आहे. दुसरं असेल तर ते बिघडलेलं आहे. या दोन्हींत फरक न करणारं परीक्षण बनवणाऱ्याच्या काही कामाचं नाही, खेळणाऱ्याच्याही नाही. ‘फ्रीस्पेस २’मध्ये सोप्यापासून ‘इन्सेन’पर्यंत पाच पातळ्या आहेत. कुठल्या पातळीवर उडवलं, माउसने की जॉयस्टिकने, हे न सांगता ‘फार अवघड आहे’ असं लिहिणं म्हणजे किती माणसांसाठी ते न सांगता ‘मीठ जास्त झालं’ म्हणण्यासारखं आहे.

आणि मग नेहमीचा युक्तिवाद येतो. फुकट दिलंय ना, मग नावं कशाला ठेवता?

दिवाळीत आपल्याकडे मुलं मातीचे किल्ले करतात, मंडळं स्पर्धा घेतात, परीक्षक गल्लोगल्ली फिरतात. सगळ्याच किल्ल्यांना ‘वा, छान’ म्हणून उत्तेजनार्थ प्रमाणपत्र वाटणारा परीक्षक मुलांना आवडतो, पण पुढच्या वर्षी किल्ला सुधारत नाही. ‘बुरूज सुबक आहे, पण दरवाजाकडे जायला वाट कुठाय?’ असं विचारणारा परीक्षक सुधारणा घडवतो. हौशी मिशन्सचंही तसंच. लोक थोडे, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे गोड बोलण्याचा मोह फार. शिवाय फुकट असलं तरी खेळणाऱ्याची संध्याकाळ खर्च होतेच. नुसत्या टोमण्यांनीही भागत नाही, कारण पगार नसलेला माणूस दुखावला की सरळ निघून जातो.

चांगल्या तपासणीतून काय उभं राहू शकतं? ‘ब्लू प्लॅनेट’ बघा. पृथ्वीचं पुढे काय झालं, हा मूळ कथेतला लटकलेला प्रश्न या चाहत्यांनी हातात घेतला. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० साली. पहिल्या भागात तुम्ही एका बाजूने लढता आणि दुसऱ्यात थेट समोरच्या बाजूने. शिवनांच्या जोडीला यांनी ‘विष्णन’ही आणले! संहारानंतर पालनकर्ता. याच कोडवर उभा राहिलेला ‘विंग कमांडर सागा’ मार्च २०१२ मध्ये आला. जवळपास दहा वर्षांची मेहनत, पन्नासहून जास्त मिशन्स आणि किंमत शून्य.

आता युरोपाकडे वळू. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ चा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मार्च २०२४ अखेर बंद केला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागत असल्याने विकत घेतलेली डिस्क नुसती चकती उरली. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम निघाली. युरोपीय संघाच्या नागरिक याचिकेला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये त्यांनी तो आकडा ओलांडला. मागणी साधी आहे. गेम बंद करा, पण जाताना तो चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियात तर २०२५ च्या सुरुवातीपासून, गिऱ्हाईकाला मालकी नाही, फक्त परवाना मिळतोय, हे डिजिटल दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं.

सर्व्हर चालवायला पैसे लागतात, हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. पण इथे कुणी सर्व्हर कायम चालू ठेवा म्हणत नाहीये. व्होलिशनने २००२ मध्ये जे आपणहून केलं, त्याच्या जवळपास जाणारंच काहीतरी मागितलं जातंय. आणि त्यातून व्होलिशनचं काही नुकसान झाल्याचं दिसत नाही. २०१३ मध्ये टीएचक्यूच्या दिवाळखोरीत फ्रीस्पेसचे उरलेले हक्क इंटरप्लेने अवघ्या ७,५०० डॉलरला उचलले. तेव्हाच्या दराने चार लाखांच्या आसपास. बाजाराने लावलेली किंमत ही एवढी.

भारतात गेमवरची चर्चा वेगळ्याच वळणावर आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली. महाराष्ट्राने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण आणलं, तिथे बोलणं गुंतवणुकीचं आणि नोकऱ्यांचं. विकत घेतलेली गोष्ट नाहीशी झाली तर काय, हा प्रश्न यात मागेच राहतो. खरं तर त्याची चव आपण घेतलेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. कारण सरकारी होतं, पण स्किनवर घातलेले पैसे दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेले असतात, हे पोरांना तेव्हा कळलं.

कुणाला ‘फ्रीस्पेस २’ करून बघायचा असेल तर तो गॉगवर विकत मिळतो. त्या फाइल्सवर चाहत्यांचं ‘फ्रीस्पेस ओपन’ चढवायचं. जॉयस्टिक नसली तरी माउसवर भागतं. आधी मूळ मोहीम पूर्ण करा, ‘ब्लू प्लॅनेट’ त्यानंतर, नाहीतर कथा डोक्यावरून जाईल. आणि एखाद्या मिशनवर पाच वेळा आपटलात तर गेम स्वतःच विचारतो, हे सोडून पुढे जायचंय का?