राज्याचे हवाई दल, हुकूम मात्र केंद्राचा

एखाद्या घटक राज्याच्या प्रमुखाच्या हाताखाली लढाऊ विमानांची स्क्वाड्रन असावी, ही कल्पनाच आपल्याकडे विचित्र वाटेल. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने संरक्षण हा विषय संघसूचीत टाकला आहे. १९५२ साली हवाई दलाच्या साहाय्यक तुकड्यांसाठी कायदा झाला, तोही संसदेचाच. अमेरिकेत मात्र डेन्व्हर शहराजवळच्या बकले तळावरील एफ-१६ विमाने कोलोरॅडो राज्याच्या ‘एअर नॅशनल गार्ड’ची आहेत आणि शांततेच्या काळात या दलाचा सरसेनापती असतो तो राज्याचा गव्हर्नर. हा गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नियुक्त नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारा. त्याच्या या अधिकाराला अलीकडे जे धक्के बसले, ते संघराज्य पद्धतीचा विचार करणाऱ्या कोणालाही लक्षपूर्वक पाहावे लागतील.

या व्यवस्थेचे मूळ वसाहतकालीन मिलिशियात, म्हणजे गावोगावच्या नागरी सैन्यात आहे. मध्यवर्ती खड्या फौजेविषयी अमेरिकेच्या संस्थापकांना संशय होता. त्यामुळे राज्यघटनेने मिलिशियाचे अधिकारी नेमण्याचे व तिला प्रशिक्षण देण्याचे काम राज्यांकडे ठेवले आणि प्रशिक्षणाची शिस्त ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. १९०३ व १९१६ च्या कायद्यांनी या विस्कळीत पथकांना ‘नॅशनल गार्ड’चे रूप आले. १९३३ पासून प्रत्येक सैनिक एकाच वेळी दोन दलांत भरती होऊ लागला, एक राज्याचे आणि एक राष्ट्राचे. आजच्या वादाचे बीज या दुहेरी भरतीत आहे.

कोलोरॅडोची १२० वी स्क्वाड्रन १९२३ मध्ये टेहळणीसाठी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर गार्डच्या हवाई तुकड्यांची नव्याने उभारणी झाली, तेव्हा ३० जून १९४६ रोजी संघ सरकारची पहिली मान्यता याच स्क्वाड्रनला मिळाली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेचे हवाई दल भूदलापासून वेगळे झाले आणि त्याबरोबर एअर नॅशनल गार्डलाही स्वतंत्र अस्तित्व लाभले. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून १५ दिवस सराव करणारे, एरवी नोकरी-व्यवसायात असणारे वैमानिक व तंत्रज्ञ हे या दलाचे वैशिष्ट्य. त्यांना ‘रविवारचे सैनिक’ म्हणून हिणवणारेही होते.

१९६८ ने ही थट्टा बंद केली. व्हिएतनाम युद्धात राखीव दले बोलावण्याचे अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घकाळ टाळले होते, कारण त्याची झळ गावोगावच्या घरांना लागली असती. ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी जहाज उत्तर कोरियाने ताब्यात घेतल्यानंतर जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी गार्डच्या हवाई तुकड्या पाचारण केल्या. त्यांपैकी एफ-१०० विमानांच्या चार स्क्वाड्रन व्हिएतनाममध्ये लढल्या आणि सर्वांत आधी फान रांग तळावर उतरली ती कोलोरॅडोची १२० वी. अर्धवेळ सैनिक पूर्णवेळ सैनिकांच्या तोडीस तोड लढू शकतात, हे तेथे सिद्ध झाले. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्ककडे प्रथम झेपावलेली एफ-१५ विमानेही मॅसॅच्युसेट्सच्या एअर नॅशनल गार्डचीच होती.

येथेच एक विरोधाभास दिसतो. हे दल जसजसे उपयुक्त ठरत गेले, तसतसा राज्यांचा त्यावरील ताबा ढिला होत गेला. १९८० च्या दशकात काही गव्हर्नरांनी आपल्या तुकड्या सरावासाठी मध्य अमेरिकेत पाठवण्यास नकार दिला. त्यावर १९८६ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला. ठिकाण वा हेतू पसंत नाही म्हणून परदेशातील सरावास संमती नाकारण्याची सोय संपली. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच न्यायालयात गेले, परंतु १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी भरतीचाच आधार घेऊन निकाल संघ सरकारच्या बाजूने दिला. जून २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांचा विरोध डावलून कॅलिफोर्नियाचे गार्ड सैनिक लॉस एंजेलिसमध्ये उतरवले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला.

हवाई गार्डपुरता ताजा धक्का आहे तो अंतराळाचा. कोलोरॅडोच्या ग्रीली शहरात क्षेपणास्त्र हल्ल्याची पूर्वसूचना देणारी फिरती तुकडी आहे. ती आणि इतर राज्यांतील अशा तुकड्या नव्या ‘स्पेस फोर्स’कडे वर्ग कराव्यात, असा प्रस्ताव हवाई दलाने २०२४ मध्ये मांडला. तुकडीचे स्वरूप बदलण्यास गव्हर्नरची संमती लागते, ही कायद्यातील अट या बाबतीत शिथिल करावी, अशी त्यात मागणी होती. चाळीसहून अधिक गव्हर्नरांनी पक्षभेद विसरून विरोध केला. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्याने ही अट बाजूला सारली.

संघ सरकारची बाजू अगदीच लंगडी नाही. विमाने, उपग्रह-यंत्रणा आणि बहुतांश खर्च त्याचाच. शिवाय क्षेपणास्त्राची पूर्वसूचना हे राज्याचे काम म्हणता येणार नाही. परंतु गव्हर्नरांचा आक्षेप काही शे सैनिकांपुरता नव्हता. आज अंतराळ तुकडी संमतीविना नेता येत असेल, तर उद्या मालवाहू विमाने का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. वणवे विझवण्यासाठी अग्निरोधक द्रव्य फवारणारी लष्करी सी-१३० विमाने चार तळांवर असतात. त्यांपैकी कॅलिफोर्निया, नेवाडा व वायोमिंग येथील तीन तळ एअर नॅशनल गार्डचे आहेत. चौथा कोलोरॅडोतच आहे, पण तो संघ सरकारच्या राखीव हवाई दलाचा. म्हणजे स्वतःचे हवाई दल बाळगणाऱ्या राज्याच्या भूमीवर उभी असलेली ही विमाने त्या राज्याच्या हुकमतीत नाहीत. वणवा दाराशी आला असता विमान कोणाच्या हुकमाने उडते, याला तेथे जीवन-मरणाचा अर्थ आहे.

नव्या कायद्याने एक पळवाट ठेवली आहे. स्पेस फोर्समध्ये जायचे की गार्डमध्येच राहायचे, हे प्रत्येक सैनिकाने स्वतः ठरवायचे. राज्याची संमती गेली, सैनिकाची उरली. अधिकार एकाकडे आणि तिजोरी दुसऱ्याकडे अशी वाटणी असली, की कालांतराने अधिकारही तिजोरीच्या मागे जातो. कोलोरॅडोच्या शंभर वर्षांच्या हवाई इतिहासाचा हाच निष्कर्ष आहे आणि तो केवळ अमेरिकेपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही.