सही केली, पण वाचले कुठे?

बँकेच्या नोकरीने मला एक सवय लावली. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. व्हाउचर असो, कर्जाचा प्रस्ताव असो की शिपायाच्या रजेचा अर्ज असो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवल्याखेरीज माझे पेन उघडत नसे. साहेबांमुळे कामाचा खोळंबा होतो, अशी कुरकुर शाखेत नेहमी चाले. पण माझ्या सहीमुळे बँकेचा एक रुपयाही बुडाला नाही, असे निवृत्तीच्या दिवशी मी ताठ मानेने सांगू शकलो.

याच माणसाने घरी काय केले, ते आता सांगतो.

साल १९९६. माझी बदली सोलापूरला झाली होती आणि मुलगा तिथल्या एका शाळेत तिसरीत जात होता. शाळेची एक छोटी डायरी असे. बाई त्यात काही लिहीत आणि खाली पालकांनी सही करायची असे. संध्याकाळी मी थकून घरी येई. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पेन. मुलगा डायरी उघडून धरी आणि मी सही ठोकून देई.

त्या वर्षी त्याचे गणित बिघडले. फळ्यावरची बेरीज वहीत उतरवताना तो तीनचे आठ करी, सहाचे शून्य करी. मी त्याला निष्काळजी ठरवले. बँकेत एक आकडा चुकला तर काय अनर्थ होतो, यावर त्याला व्याख्याने दिली. एकदा हात उगारला, आणि तो नुसता उगारून खाली आणला नाही. पुढे मेच्या सुट्टीत बायको रद्दी आवरत होती. डायरी फेकण्याआधी तिने सहज चाळली आणि काही न बोलता माझ्यासमोर उघडी ठेवली. जुलै महिन्याच्या पानावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते की, मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नसावे, डोळे तपासून घ्यावेत. त्याखाली माझी सही होती. लफ्फेदार, तारखेसकट.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना उणे दोनच्या आसपास नंबर काढला. चष्मा मिळाला त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मुलाने रस्त्यावरच्या दुकानांची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. मी बाहेर बघत बसलो. जुलै ते मे, दहा महिने.

त्या शाळेचे काही चुकले का? मुळीच नाही. बाईंनी ओळखले, लिहिले, पाठवले आणि माझी सहीही घेतली. कागदोपत्री सगळे चोख होते. पण निरोप निघाला होता, पोचला नव्हता. बँकेत आम्ही थकलेल्या कर्जदाराला रजिस्टर पत्र धाडत असू. पोच परत आली की ती फाइलला लावून निर्धास्त होत असू. पलीकडच्या माणसाला त्यातले काय समजले, हा आमचा प्रश्न नसे. पैशाच्या व्यवहारात हे एक वेळ चालून जाते. मुलांच्या बाबतीत ते चालत नाही, कारण इथे थकबाकी मुलाच्या खात्यावर चढते.

शाळेतल्या मुलांची तपासणी ही काही आजची टूम नव्हे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्या देशातली ती पहिली. मुलाला शाळेत बसवायचे तर त्याला दिसते का, ऐकू येते का, त्याच्या अंगात रक्त आहे का हे आधी पाहावे, इतका साधा विचार त्यामागे असणार. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली पालघर येथे त्याची सुरुवात झाली. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यावे, जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी तपासाव्यात, आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवावे, अशी ही योजना आहे. योजना उत्तम आहे. मला चिंता आहे ती पथकाची गाडी निघून गेल्यानंतर मुलाच्या दप्तरात उरणाऱ्या चिठ्ठीची.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा दुसरीत होता. एके दिवशी त्या पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेला कागद काढून म्हणाल्या, "काका, हे बघा, पोराला शाळेतून सर्टिफिकेट मिळालंय. डॉक्टरांचा शिक्का आहे त्याच्यावर." मी चष्मा लावून वाचले. ते प्रशस्तिपत्र नव्हते. उजव्या कानातून स्राव आहे, मध्यकर्णाचा दाह असावा, रुग्णालयात संदर्भित, असे त्यावर लिहिले होते. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. तो कागद त्यांनी रेशनकार्डाच्या आत ठेवला होता, म्हणजे त्यांच्या घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी. त्यांनी हयगय केली असे कोण म्हणेल? त्यांच्या परीने त्यांनी तो कागद माझ्यापेक्षा शंभरपट जपला होता. फक्त 'संदर्भित' म्हणजे 'याला दवाखान्यात न्या', हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्गात मात्र मुलाबद्दल तक्रार होती की, हाक मारली तरी लक्ष देत नाही.

आम्ही त्याला नेले, औषधे झाली, कान सुकला. परंतु तो कागद माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सदर, संदर्भित, दक्षता घ्यावी, नोंद घ्यावी. ही भाषा मी स्वतः आयुष्यभर लिहिली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. ही भाषा वाचणाऱ्यासाठी नसतेच, ती लिहिणाऱ्याच्या बचावासाठी असते. आता जंतनाशक गोळीचेच पाहा. २०१५ पासून ही मोहीम चालते आणि मुलांना शाळेतच अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. 'सर्व पालकांनी नोंद घ्यावी' असे लिहिण्याऐवजी इतकेच लिहिता येईल: "उद्या शाळेत जंतांची गोळी देणार आहोत. मूल आजारी असेल किंवा त्याला दुसरे औषध चालू असेल तर आम्हाला सांगा. पोटात जंत जास्त असतील तर थोडे पोट दुखेल किंवा मळमळेल, ते लवकर थांबते. उद्या मूल आले नाही तर गोळी नंतर मिळेल." हे एखाद्या आईला वाचून दाखवा. तिला दुसऱ्यांदा विचारावे लागणार नाही. आणि संध्याकाळी मुलाच्या पोटात दुखले तर ती घाबरून शाळेवर धावूनही येणार नाही.

कारण जिथे माहिती पोचत नाही, तिथली जागा रिकामी राहत नाही. अफवा येऊन बसते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीकरणाची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस द्यायची होती आणि बरीचशी शाळांतूनच द्यायची होती. लस चांगली, हेतू चांगला. तरी मोबाइलवर भलभलते निरोप फिरले आणि कित्येक घरांत त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवू नये असे ठरले. आमच्या सोसायटीतही ठरले, आणि ठरवणारे सगळे पदवीधर होते. दिल्लीत तर जानेवारी २०१९ मध्ये पालक न्यायालयात गेले आणि त्यांच्या संमतीवाचून शाळेत लस देण्याला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मी लसीच्या बाजूचा माणूस आहे. तरीही मला वाटते, त्या पालकांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. माझ्या मुलाच्या दंडात सुई टोचणार असाल तर मला आधी सांगा, समजावून सांगा. एवढेच सांगायला मोहिमेच्या आधीची एक शनिवारची सभा पुरली असती.

आता कोणी म्हणेल, हे सारे डायरीच्या जमान्यातले रडगाणे झाले. आज प्रत्येक वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे, एका क्षणात साठ घरांत निरोप जातो. जातो खरा. माझी नात पहिलीत आहे. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर एका रविवारी मी सुनेच्या परवानगीने डोकावलो. सुप्रभात, कुणाच्या वाढदिवसाचा केक, हरवलेली पाण्याची बाटली, त्या बाटलीच्या चौकशीवर एकवीस उत्तरे, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी बाईंचा निरोप की, वर्गात दोन मुलांना कांजिण्या झाल्या आहेत, अंगावर पुरळ दिसल्यास मुलाला घरी ठेवावे. त्याखाली अंगठ्यांची रांग होती. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा उमटवी. आता आपण वाचता येत असूनही अंगठा उमटवतो. माझ्या १९९६ च्या सहीत आणि या अंगठ्यात मला काही फरक दिसेना.

आरोग्यात हयगय झाली तर काही महिने वाया जातात. सुरक्षिततेत झाली तर काय होते, ते आपण ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिले. बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचारानंतर हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप त्या नराधम कृत्याचा होताच. पण आपल्याला वेळेवर कोणी काही सांगितले नाही आणि आपण सांगायला गेलो तेव्हा कोणी ऐकून घेतले नाही, याचाही होता. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की, असा प्रकार कळूनही तो पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. किती शाळांनी पालकांना हे समोर बसवून सांगितले? लहान मुलांसोबत स्वच्छतागृहापर्यंत कोण जाते, शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या हाती देतात, रिक्षावाले काका आजारी पडले तर बदली कोण येतो, आणि अडचणीत १०९८ हा क्रमांक फिरवता येतो, हे किती घरांत ठाऊक आहे? शाळेची अब्रू जाईल म्हणून झाकून ठेवण्याची आपली जुनी खोड आहे. बँकेतही ती होती. मी एवढेच शिकलो की, झाकलेला घोटाळा व्याजासकट बाहेर येतो.

मग करायचे काय? उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी फर्मान काढले नाही. त्या मुलांच्या अंगणातच बालवाडी घेऊन गेल्या. मूल का येत नाही, घरात कोण आजारी आहे, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते, हे सारे अंगणात बसल्यावर आपोआप कळले. २०२२ साली राज्यात 'पहिले पाऊल' नावाने पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले आणि गावोगावी मातांचे गट तयार करण्यात आले, त्यात मला त्याच अंगणाची आठवण झाली. शाळेची तयारी म्हणजे अ, आ, इ पाठ असणे नव्हे. स्वतःच्या हाताने डबा खाता येणे, शू लागली तर सांगता येणे, आईचा पदर सोडून दोन तास बसता येणे, ही तयारी आहे. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लशीचा डोस नेमका याच धांदलीत राहून जातो, तो टोचून घेणे हीसुद्धा तयारी आहे. चार आया एकत्र बसल्या की या गोष्टी एकीकडून दुसरीकडे सहज जातात.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. या समितीने वर्षभर दुसरे काही केले नाही तरी चालेल. तपासणीनंतर पुढे पाठवलेल्या मुलांची यादी घ्यावी आणि महिन्याने एकेका घरी विचारावे: नेले का? नसेल तर का नाही? रोजंदारी बुडते म्हणून, वाट माहीत नाही म्हणून, की कागद कळला नाही म्हणून? बँकेत आम्ही याला पाठपुरावा म्हणत असू. रुपयासाठी जो पाठपुरावा आपण करतो, तो लेकरासाठी करायला काय हरकत आहे? शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे काम पालकांनी पालकांसाठी करायचे आहे.

आणि आपण, डायरीवर सही करणाऱ्यांनी? आपण वाचायचे, बस्स.

मुलगा आणि सून दोघेही उशिरा घरी येतात, म्हणून नातीच्या डायरीवर हल्ली माझी सही चालते. परवा ती डायरी उघडून उभी राहिली. मी चष्मा शोधू लागलो तशी ती पाय आपटत म्हणाली, "आजोबा, नुसती सही करा ना! मला खेळायला जायचंय." मी म्हटले, "थांब जरा." तिला थांबवले आणि सावकाश वाचले. उद्या रुमाल आणावा, एवढेच लिहिले होते.

मी दोनदा वाचले आणि मग सही केली. रुमाल दप्तरात ठेवूनच तिला खेळायला सोडले.