मैदानाच्या जागीं ग्रंथालय

आमच्या एका वाचकभगिनींचे चिरंजीव उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत शिकागो विद्यापीठांत दाखल झाले आहेत. त्यांनीं घरीं कळविलें कीं, 'मी रोज ज्या विशाल ग्रंथालयांत अभ्यासास बसतों, त्या जागीं पूर्वीं फुटबॉलचें नामांकित मैदान होतें. हजारों प्रेक्षक तेथें जमत. पुढें विद्यापीठानें तो खेळच बंद करून टाकला.' हा मजकूर घरांत मोठ्यानें वाचला गेला आणि तत्काळ दोन पक्ष पडले. भगिनींचे मामंजी म्हणाले, "शाबास! विद्यापीठ असावें तर असें." कॉलेजांत असतांना क्रिकेटच्या संघांत खेळलेले त्यांचे धाकटे भाऊजी म्हणाले, "हरूं लागले म्हणून मैदान सोडलें. यांत शाबासकी कसली?" पंधरा दिवस जेवणाच्या पंक्तींत हा वाद चालला, आणि शेवटीं भगिनींनीं तो निवाड्यासाठीं आमच्याकडे पाठविला आहे.

वडीलधाऱ्यांच्या वादांत निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु ही हकीकत एकेका हंगामाच्या क्रमानें पाहिल्यावांचून कोणाचीच बाजू नीट कळणार नाहीं, म्हणून ती येथें सांगतों.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातांत धरून पळावयाचा असतो. एका बाजूस अकरा गडी. आजच्या नियमाप्रमाणें चेंडू ज्यांच्या हातीं, त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाचें काम म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यास धरून जमिनीवर पाडणें. कॉलेजांचा हंगाम शरद ऋतूचा असतो आणि सामना बहुधा आठवड्यास एक, तोही शनिवारीं. म्हणून वर्षाची सारी अब्रू आठ-दहा शनिवारांवर अवलंबून असते.

शिकागो विद्यापीठाचे वर्ग १८९२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाले आणि त्याच महिन्यांत त्याचा फुटबॉलचा संघही मैदानांत उतरला. ही गोष्ट आपोआप घडली नाहीं. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे मोठे विद्वान. परंतु विद्यापीठाचें नांव लोकांच्या तोंडीं व्हावयाचें तर मैदानही पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. येल येथील आपले जुने विद्यार्थी आमोस अलोंझो स्टॅग यांस त्यांनीं बोलावून घेतलें. स्टॅग यांचा मूळचा मनोदय धर्मोपदेशक होण्याचा होता. परंतु व्यासपीठावरील बोलणें आपणांस साधत नाहीं असें पाहून त्यांनीं मैदानावर मुलें घडविण्याचें व्रत घेतलें. हार्पर यांनीं त्यांस नुसता पगारी तालीमबाज न ठेवतां प्राध्यापकवर्गांत कायमची जागा दिली. त्या काळीं ही गोष्ट अपूर्व होती.

पहिल्या हंगामांत खेळाडूंची इतकी वाण होती कीं, स्टॅग स्वतःच संघांत उतरून खेळत, आणि प्रतिपक्षांत हायस्कुलांतील मुलांचे संघही असत. दोनच वर्षांनीं, १८९४ च्या नाताळाच्या सुटींत, हाच संघ आगगाडीनें थेट कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन खेळून आला. १८९६ पासून मध्यपश्चिमेकडील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेंत शिकागो हें एक संस्थापक सभासद होतें. हीच संघटना पुढें 'बिग टेन' या नांवानें प्रसिद्ध झाली. १८९९ च्या हंगामांत शिकागो एकही सामना हरलें नाहीं व संघटनेचें पहिलें विजेतेपद त्याच्याकडे आलें. संघाचा रंग मरून, आणि त्यावरूनच त्याचें नांवही पडलें.

यानंतर १९०५ चा हंगाम. मिशिगनचा संघ १९०१ पासून एकदांही हरला नव्हता. ओळीनें ५६ सामने त्याला हार ठाऊक नव्हती. ३० नोव्हेंबर १९०५ रोजीं शिकागो येथें दोघांची गांठ पडली. सारा सामना गुणांवांचून चालला असतांना मिशिगनचा एक गडी चेंडूसह स्वतःच्याच गोलरेषेमागें पाडला गेला आणि त्याबद्दल शिकागोस दोन गुण मिळाले. सामना २-० असा संपला. चार वर्षांहून अधिक काळ चाललेली ती अजिंक्यतेची परंपरा दोन गुणांनीं तुटली, आणि शहरांत एकच जल्लोष झाला. हार्पर त्या वेळीं दुर्धर आजारानें अंथरुणास खिळले होते. पुढच्याच जानेवारींत ते निवर्तले. आपण लावलेल्या या वेलीचा सर्वांत गोड घोंस मात्र त्यांच्या हयातींत हातीं आला.

परंतु याच हंगामाची दुसरी बाजू काळी आहे. तेव्हांचा खेळ म्हणजे गड्यांच्या घोळक्यानें एकमेकांवर तुटून पडणें होतें, आणि त्या एका वर्षांत अमेरिकेंत या खेळापायीं दगावलेल्या तरुणांचा आंकडा वर्तमानपत्रांनीं १८ असा दिला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून कानउघाडणी केली. १९०६ पासून चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, खेळ मोकळा झाला, आणि देशभर नियमन करणारी संस्थाही त्याच वर्षीं निघाली. शिकागोच्या संघटनेनें हंगामास पांचच सामने असा निर्बंध घातला. मुलगा शिकण्यास पाठवावा आणि त्याचें शव घरीं यावें, या भयानें कित्येक मातांच्या पोटांत तेव्हां कसा गोळा उठला असेल, तें आम्हीं वेगळें सांगावयास नको.

निर्बंधानें शिकागोचें तेज मुळींच कमी झालें नाहीं. १९०७, १९०८ आणि १९१३ हे तिन्ही हंगाम विजेतेपदाचे गेले, व मैदानास स्टॅग यांचेंच नांव देण्यांत आलें. १९२२ मध्यें प्रिन्स्टनचा संघ पूर्वेकडून आला. अखेरच्या भागास प्रारंभ झाला तेव्हां शिकागो १८-७ असें पुढें होतें. सामना संपला तेव्हां २१-१८ असें हरलेलें होतें. या सामन्याचें वर्णन टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला नेऊन तेथून रेडिओवर ऐकविण्यांत आलें. हार झाली तरी त्या वर्षींच्या संघटनेच्या विजेतेपदांत शिकागोचा वांटा होताच. १९२४ मध्यें इलिनॉयचा रेड ग्रेंज, ज्याला पकडणें कोणासच जमेना, त्याच्या संघाशीं शिकागोनें २१-२१ अशी बरोबरी केली आणि सातवें विजेतेपद मिळविलें. तेंच शेवटचें.

येथून उतरण लागली. याचें कारण खेळाडूंचा आळस नव्हे. आसपासच्या राज्यांचीं सरकारी विद्यापीठें झपाट्यानें वाढलीं. त्यांच्याकडे विद्यार्थी अधिक, आणि बलदंड मुलांस झेपतील असे व्यायामशिक्षणासारखे अभ्यासक्रमही होते. शिकागोचें लक्ष संशोधनाकडे. पदवीपूर्व मुलें थोडीं, आणि १९३१ पासून तेथें परीक्षेची जी नवी पद्धत आली, तींत एखाद्या कनवाळू प्रोफेसरानें खेळाडूस पार करून द्यावें अशी सोय उरली नाहीं. १९२९ मध्यें अवघ्या तीस वर्षांचे रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. तिकिटांच्या उत्पन्नासाठीं चाललेल्या फुटबॉलविषयीं त्यांचें मत उघड प्रतिकूल होतें.

१९३२ चा हंगाम स्टॅग यांचा एकेचाळिसावा आणि अखेरचा. वयास सत्तर वर्षें झालीं, म्हणून नियमाप्रमाणें निवृत्ति आली. दुसरें मानाचें काम पुढें केलें गेलें. त्यांनीं तें घेतलें नाहीं, आणि कॅलिफोर्नियांतील एका लहान कॉलेजांत जाऊन पुन्हां मुलें शिकवूं लागले. १९३८ मध्यें तेच शहात्तर वर्षांचे स्टॅग आपला नवा संघ घेऊन, स्वतःच्या नांवाच्या त्या मैदानावर आले आणि त्यांनीं शिकागोस ३२-० असें हरविलें. आपण हातानें बांधलेल्या घरावर असा विजय मिळवितांना त्या वृद्ध गुरूस काय वाटलें असेल, याचा विचार करतां आमचें मन भरून येतें.

मध्यें १९३५ मध्यें एक दिवा मात्र लखलखला. जे बरवँगर या शिकागोच्या गड्यास देशांतील सर्वोत्कृष्ट कॉलेज-खेळाडूचें नवें पारितोषिक प्रथमच मिळालें. हेंच पुढें हाइझमन पारितोषिक म्हणून विख्यात झालें. पुढच्या वर्षीं व्यावसायिक संघांनीं प्रथमच वांटणी करून खेळाडू निवडले, तेव्हां सर्वांत पहिलें नांव त्याचेंच होतें. तो व्यावसायिक खेळ कधींच खेळला नाहीं, नोकरीधंद्यास लागला. ती कांशाची जड मूर्ति त्याच्या एका मावशीच्या घरीं बरींच वर्षें दार अडकविण्यासाठीं वापरांत होती. मानचिन्हाचा इतका सोज्ज्वळ उपयोग दुसऱ्या कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!

१९३९ चा हंगाम आम्ही आंकड्यांनींच सांगतों. बेलॉइट या छोट्या कॉलेजाकडून ०-६ अशी हार. वाबॅशवर विजय. नंतर हार्वर्ड ०-६१, मिशिगन ०-८५, व्हर्जिनिया ०-४७, ओहायो स्टेट ०-६१. ओबरलिनवर २५-० असा विजय, आणि शेवटीं इलिनॉय ०-४६. क्रीडाशिक्षक कच्चे होते असें मात्र कोणीं समजूं नये. तेच क्लार्क शॉनेसी पुढच्या वर्षीं स्टॅनफर्डला गेले आणि एकही सामना न हरतां हंगाम जिंकून दाखविला. डिसेंबरांत विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं फुटबॉल बंद केल्याचें जाहीर केलें. अठ्ठेचाळीस हंगामांचा ग्रंथ मिटला. १९४६ मध्यें बिग टेन संघटनाही सुटली.

मैदान मात्र रिकामें राहिलें नाहीं. २ डिसेंबर १९४२ रोजीं त्याच्या पश्चिमेकडील सज्जाखालीं, स्क्वॉश खेळण्याच्या एका दालनांत, एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्रॅफाइट व युरेनियम यांची रास रचून अणूंची स्वयंचलित शृंखलाक्रिया जगांत प्रथम घडविली. जेथें लोक टाळ्या पिटीत, त्याच सज्जाखालीं अणुयुगाचा आरंभ झाला. पुढें ते सज्जे पाडले गेले, आणि १९७० मध्यें तेथें चिरंजीवांचें तें ग्रंथालय उघडलें.

आतां वादाकडे वळूं. मामंजींस आमची विनंति कीं, फुटबॉल सोडल्यामुळें हें विद्यापीठ मोठें झालें असें त्यांनीं मानूं नये. ज्या हार्पर यांनीं तें मोठें केलें, त्यांनींच खेळही आणला होता. आणि भाऊजींस आम्ही म्हणतों कीं, हार हें एकच कारण नव्हतें. हचिन्स यांनीं या धंदेवाईकपणावर आदल्या वर्षींच, १९३८ मध्यें, जाहीर लेख लिहून टीका केली होती. तरीही भाऊजींच्या बोलण्यांत कांहीं सत्य आहे. हाच निर्णय १९२४ चें विजेतेपद हातीं असतांना घेतला असता, तर त्याला त्यागाचें मोल आलें असतें. ८५ गुणांनीं हरल्यावर घेतला, म्हणून त्यावर पळपुटेपणाचा संशय कायमचा राहिला. योग्य गोष्टही अवेळीं केली कीं तिचें अर्धें पुण्य हातचें जातें.

आमच्या मतें खरी चूक दोन टोकांची आहे. प्रथम खेळाला इतकें वाढूं दिलें कीं विद्यापीठाची अब्रू शनिवारच्या गुणांवर मोजली जाऊं लागली. आणि मग तो छाटला तो मुळासकट. १९६३ मध्यें तेथें पुन्हां हालचाल सुरू झाली, तेव्हां कांहीं विद्यार्थी निषेध म्हणून मैदानांतच ठाण मांडून बसले. १९६९ मध्यें विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हां उभा राहिला. आज तो तिसऱ्या श्रेणींत, आपल्यासारख्याच अभ्यासू कॉलेजांशीं खेळतो, आणि खेळासाठीं म्हणून कोणास शिष्यवृत्ति मिळत नाहीं. हें साधें प्रमाण सांपडण्यास मध्यें तीस वर्षें गेलीं, आणि त्या तीस वर्षांतील मुलांचा खेळ बुडाला तो बुडालाच.

एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेंतून निसटली आहे, ती म्हणजे १९३९ ची मुलें. हार्वर्डकडून ६१ गुणांनीं हरल्यावर पुढच्या शनिवारीं तीं मिशिगनपुढें उभीं राहिलीं. तेथें ८५ गुणांनीं हरल्यावर व्हर्जिनियापुढें उभीं राहिलीं. कोणीं शिष्यवृत्ति देत नव्हतें, परीक्षेंत सवलत नव्हती, जिंकण्याची आशाही नव्हती. आमच्या घरांतील कोणा मुलाच्या अंगीं असें धैर्य दिसलें, तर त्याचे गुण आम्ही विचारणार नाहीं.

भगिनींनीं चिरंजीवांस आमचा आशीर्वाद कळवावा, आणि लिहावें कीं, या शरदांत एका शनिवारीं पुस्तक मिटून नव्या मैदानावर जाऊन यावें. गुण किती झाले तें मामंजी व भाऊजी या दोघांसही कळवावें. संध्याकाळीं ग्रंथालय उघडें असल्यास परत जाऊन बसण्यास आमची हरकत नाहीं.