पिल्लू कोणाचे? मोताळ्याच्या शेडमागचा सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास

१/
मोताळा तालुक्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा रोहिणखेडमुळे. १४३७ मध्ये बहामनी सेनापती मलिक-उत-तुज्जार याने खानदेशच्या नासिरखानाचा येथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकालही याच परिसरात लागला. या थ्रेडचा विषय मात्र कोणत्याही बखरीत न सापडणारा आहे: शिवारातले लांबट पत्र्याचे शेड आणि त्यात रात्रीच्या गाडीने येऊन पडणारी एक दिवसाची पिल्ले.

२/
प्रश्न साधा आहे. शेड शेतकऱ्याचे, जमीन शेतकऱ्याची, वीजबिल शेतकऱ्याचे; मग पिल्लू कोणाचे? करार पद्धतीत ते कंपनीचे असते. हे असे का झाले, याचे उत्तर बाजारभावात मिळत नाही. ते कोंबडी आणि अंडे यांची ताटातूट कशी झाली, त्या इतिहासात मिळते.

३/
गावातली जुनी व्यवस्था कोंबडीच्या स्वभावावर उभी होती. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस वाट पाहायची. पिल्ले निघाली की पुढचे काही आठवडे तीच त्यांना फिरवी, घारीपासून राखी. या काळात ती अंडी देत नसे. म्हणजे एका घरात वर्षाला किती पिल्ले निघणार, याची मर्यादा निसर्गानेच घातली होती. ही उबवण बहुतेक बायकांच्या हाती असे आणि तिचा पैसाही त्यांच्याच गाठीला राही.

४/
कोंबडीविना अंडी उबवणे ही कल्पना नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये आणि चीनमध्ये उबदार भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जात. इजिप्तमधील कृत्रिम उबवणीचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. पण ती विद्या काही घराण्यांच्या हाताच्या स्पर्शात होती. तापमापक नव्हता, अंडे पापणीला लावून ऊब जोखली जाई. ही विद्या यंत्रात उतरली तेव्हा खरा बदल सुरू झाला.

५/
१८७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी तापमान स्थिर राखणारे उबवणी यंत्र उभे केले. १८९२ मध्ये न्यू जर्सीच्या जोसेफ विल्सन यांनी एक दिवसाची पिल्ले रेल्वेने शिकागोला धाडली. १९१८ पासून अमेरिकेचे टपाल खाते अशी पिल्ले पार्सल म्हणून स्वीकारू लागले.

६/
हे शक्य झाले ते एका जैविक योगायोगामुळे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. निसर्गाने ही सोय केली ती उशिरा फुटणाऱ्या भावंडांसाठी, कारण तोवर आई घरटे सोडत नाही. उद्योगाने त्याच वेळेत शेकडो किलोमीटरचा प्रवास बसवला. अंडे एका जिल्ह्यात, उबवण दुसऱ्यात, वाढ तिसऱ्यात, हा नकाशा त्या बलकावर आखला गेला.

७/
मांसासाठी वेगळी कोंबडी ही तर त्याहून अलीकडची गोष्ट. १९२३ मध्ये डेलावेअरच्या सेसिल स्टील यांनी अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागवली. चुकून पाचशे आली. त्यांनी ती वाढवून मांसासाठी विकली आणि नफा पाहून पुढच्या वर्षी अधिक मागवली. १९४० च्या दशकात ‘उद्याची कोंबडी’ या नावाने अमेरिकेत स्पर्धा भरल्या. रुंद छातीची, झपाट्याने वाढणारी संकरित कोंबडी त्यांतून पुढे आली.

८/
महाराष्ट्रात हा प्रवाह दोन वाटांनी आला. एक वाट सरकारी: पुणे, नागपूर, औरंगाबाद आणि कोल्हापूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे. दुसरी वाट खासगी. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे या समूहाचे मुख्य ठाणे झाले. परदेशी कॉब वाणावर आधारलेले ‘वेनकॉब’ पिल्लू शेडोशेडी पोहोचले. १९८२ मध्ये राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

९/
या यशातली एक बाब मोताळ्याच्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. ब्रॉयलर पिल्लू संकरित असते. शुद्ध वंश, आजी-आजोबा, आई-बाप आणि शेवटी बाजारातला पक्षी अशी ती उतरंड आहे. शेवटच्या पायरीवरचा पक्षी सहा आठवड्यांत कापला जातो. तो राखून वंश वाढवायचा म्हटले, तरी पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत. वरच्या पायऱ्या ज्याच्या हाती, पुरवठा त्याच्या हाती.

१०/
कपाशीतही हेच घडले. सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेली ‘एच-४’ ही संकरित कपाशी १९७० मध्ये आली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. घरच्या सरकीतून पुढच्या हंगामाचे बियाणे राखण्याची रीत मागे पडली. कणगीतले बियाणे आणि खुडूक कोंबडी यांचा निरोप एकाच पिढीने पाहिला. फरक एवढाच की कपाशीचे पीक तरी शेतकऱ्याच्या मालकीचे राहिले. करारातला पक्षी तेवढाही राहिला नाही.

११/
करार पद्धतीला १९९० च्या दशकात तमिळनाडूतील कोईमतूर परिसरातून वेग आला आणि ती देशभर पसरली. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेतकरी शेड, पाणी, वीज, तूस आणि मजुरी घालतो. साधारण सहा आठवड्यांनी पक्षी उचलले जातात आणि वजनावर संगोपनाचा दर मिळतो. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागले, की दर घसरतो.

१२/
या पद्धतीच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडायला हवे. कोंबडीचा भाव एका आठवड्यात कोसळू शकतो. तो फटका कंपनी सोसते. भांडवल नसलेल्याला खाद्याची उधारी करावी लागत नाही. कोरडवाहू शेतीला दर दोन महिन्यांनी येणारा पैसा हा मोठा आधार असतो. ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता, आणि जोडधंद्यावर त्यातही भर होता. शिवाय स्वस्त प्रथिने गरीब ताटात पोहोचली, हे नाकारणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा.

१३/
पण जोखमीचा हिशेब अर्धाच सांगितला जातो. भावाची जोखीम कंपनीकडे जाते, रिकाम्या शेडची जोखीम शेतकऱ्याकडे राहते. पिल्ले कधी टाकायची, किती टाकायची, दोन बॅचमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, हे कंपनी ठरवते. बाजार पडला की पिल्ले उशिरा येतात. बँकेचा हप्ता मात्र त्याच तारखेला येतो. कर्ज वीस आठवड्यांसाठी नसते. ते वर्षानुवर्षांचे असते आणि करार मात्र एका बॅचचा.

१४/
संकटात हे उघडे पडते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदवला गेला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. मार्चमध्ये तो मोताळ्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात आढळला. मार्च २०२० मध्ये तर रोगही नव्हता, केवळ अफवा होती. चिकनमुळे करोना होतो या समजाने भाव कोसळले आणि बेळगाव जिल्ह्यात जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले गेले. भरपाईचा हिशेब पक्ष्यांच्या संख्येवर होतो. पक्षी ज्याचा नाही, पण महिनाभराचा घाम ज्याचा आहे, त्याने तो कोणत्या रकान्यात शोधायचा?

१५/
जुन्या रीतीत याचे एक उत्तर होते. शेळी किंवा गाय अर्धलीने, कुठे बटाईने, पाळायला देत. मूळ जनावर मालकाचे, पण होणाऱ्या पिलावळीत राखणाऱ्याचा वाटा. ती प्रथा आदर्श नव्हती. सावकारी तिच्यातही शिरत असे. तरीही एक तत्त्व तिने मान्य केले होते: जो वाढवतो, त्याचा वाढीवर हक्क असतो. आजच्या लेखी कराराने हे अलिखित तत्त्व गाळले.

१६/
खुडूक कोंबडीकडे परत जाणे हा उपाय नव्हे. वीस हजार पिल्ले कोणाच्या पंखाखाली मावणार नाहीत. उपाय कराराच्या कागदात आहे. कराराची मराठी प्रत शेतकऱ्याच्या हाती असावी. वर्षाला किमान किती बॅच मिळतील याची हमी असावी. ठरल्याहून जास्त दिवस शेड रिकामे राहिले तर त्याचे भाडे मिळावे. उतरवताना पिल्लांची संख्या आणि वजन दोघांच्या सहीने नोंदले जावे. रोगामुळे पक्षी मारावे लागले तर भरपाईतला संगोपनाचा भाग थेट राखणाऱ्याला मिळावा.

१७/
केंद्राने २०१८ मध्ये शेतमाल आणि पशुधन या दोन्हींसाठी कंत्राटी शेतीचा आदर्श कायदा तयार केला. आदर्श कायदा म्हणजे राज्यांपुढे ठेवलेला नमुना; राज्याने तो स्वीकारून बळ दिले तरच त्याला दात येतात. कुक्कुटपालकांसाठी असे दात असलेला कायदा ही मागणी भीक म्हणून करण्याची गरज नाही. सव्वाशे वर्षांत ज्या मालकीचा एकेक पदर सुटत गेला, त्यातला एक परत मागणे एवढाच तिचा अर्थ आहे.

१८/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी येथे कामही आहे. प्रत्येक शेडच्या भिंतीवर एक बॅच कार्ड टांगलेले असते: किती पिल्ले आली, रोज किती मेली, किती खाद्य गेले, उचल कधी झाली. बॅच संपली की ते फेकले जाते. रोहिणखेडची लढाई कोणी तरी लिहून ठेवली म्हणून आज ठाऊक आहे. ही कार्डे जपली, वृद्ध स्त्रियांकडून खुडूक कोंबडीच्या हिशेबाच्या आठवणी टिपल्या, तर उद्या करारावर वाद होईल तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूला नुसती तक्रार नसेल, पुरावाही असेल.