कॅमेऱ्यातलाच फ्लॅश पुरे की वेगळा घ्यावा? पैसे देण्याआधी हे पाहा

गावातली लग्ने, हळदी, बारशी यांचे फोटो काढून चार पैसे मिळवावेत, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातही अनेक तरुण पहिला कॅमेरा घेतात. दुकानात हमखास विचारले जाते, 'यात फ्लॅश आहे ना?' खरे तर विचारायला हवे, 'यावर वेगळा फ्लॅश बसतो का आणि कोणता?' कारण पुढचा खर्च या उत्तरावर ठरतो.

इनबिल्ट फ्लॅश किती लांब पोहोचतो?

फ्लॅशची ताकद 'गाइड नंबर'मध्ये मोजतात. या आकड्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की प्रकाश किती मीटर पोहोचेल ते कळते. कॅनन १५००डीच्या इनबिल्ट फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला साधारण ९ आहे. सोबतची १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की ॲपर्चर ५.६ होते. म्हणजे पल्ला जेमतेम दीड मीटर! आयएसओ ४०० केला तर सव्वातीन मीटर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. म्हणूनच अंधार पडल्यावर चांदबिबी महालासमोर फोटो काढला, तर माणसे उजळतात आणि महाल काळोखात जातो.

शिवाय हा फ्लॅश लेन्सला चिकटून असल्याने डोळे लाल होतात, कपाळ चमकते. भर उन्हात टोपीखालची सावली घालवायला मात्र तो उपयोगी पडतो.

वेगळ्या फ्लॅशने काय मिळते?

ताकद जास्त मिळतेच, पण खरा फायदा म्हणजे त्याची मान वळते. मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या छताकडे तोंड केले की प्रकाश वरून पसरून मऊ पडतो. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात हे करू नका, तोच रंग वधू-वरांच्या चेहऱ्यावर उतरतो. उघड्या मैदानात तर छतच नसते, तिथे डिफ्यूझर लावावा लागतो.

'शू' नीट पाहा

कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच म्हणजे 'हॉट शू'. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या शूमधली मधली पिन कॅननने काढून टाकली आहे. त्यामुळे फक्त त्या पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. आर ५० वर जुन्या पद्धतीचा फ्लॅश लावायला ॲडॉप्टर लागतो. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड ३० मध्ये इनबिल्ट फ्लॅशच नाही, पण तेवढ्यावरून ते बाद ठरत नाहीत. जो फ्लॅश घेणार, तो दुकानातच लावून पेटवून पाहा.

आधी लेन्स की फ्लॅश?

घरगुती फोटोच काढायचे असतील तर आधी ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्यावी. ५.६ च्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश घेते. पण एवढ्या उघड्या ॲपर्चरला स्टेजवरच्या तीन रांगांतली मागची रांग धूसर होते. लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला म्हणून वेगळा फ्लॅश हवाच. त्यासाठी कॅमेऱ्याचे मॉडेल एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालेल. नवरा-नवरीचा तो क्षण पुन्हा येत नाही, ऑर्डर देणाऱ्याचा विश्वासही नाही.

जिथे फ्लॅश नकोच

मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरात काजवे पाहायला गर्दी होते. काजवे चमकून जोडीदाराला खुणावतात. फ्लॅशच्या झोताने त्या खुणा हरवतात आणि फोटोतही काजवे दिसत नाहीत, दिसतात ती नुसती पांढरी पाने. तिथे ट्रायपॉड, वीस-तीस सेकंदांचे एक्स्पोजर आणि संयम पुरतो. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांनीही फ्लॅश बंद ठेवावा. प्रकाश कुठे टाकायचा नाही, हे कळणे हाही फोटोग्राफीचाच भाग आहे.