निफाडची वेलांटी आणि परवान्यांची भांडणे

१/ गोदाकाठचे सायखेडा निफाड तालुक्यात येते. ‘निफाड’ टंकताना आधी ‘न’ उमटतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ‘न’च्या आधी दिसते. ही अदलाबदल अक्षरजुळणीची लायब्ररी करते. मुक्तस्रोत प्रणालींत ते काम बहुधा ‘हार्फबझ’कडे असते. हे नाव फार्सी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले.

२/ कोणताही मोठा प्रोग्रॅम अनेक लायब्रऱ्या जोडून उभा राहतो आणि प्रत्येकीचा परवाना निराळा असू शकतो. १९९१ च्या जीपीएल आवृत्ती २ ची अट अशी: जोडून झालेली कृती वितरित करायची, तर ती संपूर्ण जीपीएलखालीच, वर कोणतेही जादा निर्बंध न लादता. जोडलेल्या दुसऱ्या लायब्ररीची एखादी जादा अट असली, की दोन्ही परवाने एकदम पाळणे अशक्य होते.

३/ १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘केडीई’चे असेच झाले. तिचा बराचसा भाग जीपीएलखाली, पण आधार ‘क्यूटी’ लायब्ररीचा. आणि क्यूटीचा परवाना जीपीएलशी विसंगत. १९९७ मध्ये पर्याय म्हणून ‘ग्नोम’ जन्मला. १९९८ मध्ये ‘डेबियन’ने केडीई वगळली. २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली, तेव्हा पेच सुटला.

४/ अक्षरजुळणीचा मूळ कोड ‘फ्रीटाइप’मधला. पुढे तो ग्नोमच्या गोटातील ‘पँगो’त आणि क्यूटीत वेगवेगळा वाढला. तो पुन्हा एकत्र आला तो एमआयटी धर्तीच्या सैल परवान्याखाली. म्हणूनच हार्फबझ दोन्ही घरांत नांदू शकली.

५/ अक्षरांच्या साच्यांनाही परवाना असतो. देवनागरीसह भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ फाँट आधी जीपीएलखाली होते. २०११ मध्ये ते ओएफएलखाली आले. फाँट वापरून लिहिलेल्या मजकुराला आपली अट लागू नाही, असे ओएफएल स्पष्ट सांगतो.

६/ याला वकिली काथ्याकूट म्हणणे सोपे आहे. परंतु इनामाच्या सनदेतील अटी न वाचता गावाचा इतिहास लिहिता येत नाही. तसाच परवाना न वाचता लिपीचा अलीकडचा इतिहासही लिहिता येणार नाही. परवाना बदलायचा, तर हक्क असणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते आणि हातभार लावणारे वाढतात तशी ती मिळवणे कठीण होते. मराठीसाठी साधने घडवणाऱ्यांनी परवान्याचा विचार शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी करावा. केवळ ‘खुले’ असणे पुरेसे नाही. इतरांशी जोडता येणेही तितकेच आवश्यक आहे.