‘शारदा’ आणि लासलगावचा बाजार

लासलगावच्या आवारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की थोड्याच वेळात त्या दिवसाचा भाव निफाड, येवला, चांदवड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर येऊन पडतो. याच घरांतील विद्यार्थ्याला मराठीतील अभिजात नाटक मात्र भेटते ते पाठ्यपुस्तकातील एका उताऱ्याच्या आणि त्याखालील प्रश्नांच्या रूपात. नाशिकला जाऊन रात्रीचा प्रयोग पाहून परतणे ग्रामीण विद्यार्थ्याच्या, त्यातही विद्यार्थिनीच्या, आवाक्यातले नाही. म्हणून समाजमाध्यमांतून नाटक विद्यार्थ्यांपर्यंत न्यावे, हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र कोणते नाटक न्यायचे आणि कशासाठी, याचा निर्णय आधी झाला पाहिजे.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी. जिल्ह्याने ती घटना लक्षात ठेवली. नाटक विस्मरणात गेले.

वास्तविक लासलगावच्या मुलांना ‘शारदा’ समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मुलीचे पैसे घेणारा कांचनभट हा विकणारा, वृद्ध भुजंगनाथ हा गिऱ्हाईक आणि भद्रेश्वर दीक्षित हा दलाल. विकणाऱ्याला किंमत मिळते, दलालाला दलाली मिळते; जिचा सौदा होतो तिला कोणी विचारीत नाही. बाजारभावावर ज्यांच्या घरची चूल अवलंबून आहे, त्यांना हा व्यवहार शहरी प्रेक्षकापेक्षा लवकर उमगेल. पुढे हे लग्न मोडते, तेही वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीचा विक्रय हा अन्याय आहे म्हणून नव्हे. असे का, हा प्रश्न एखाद्या नववीतल्या मुलीने विचारला, तर नाटक तिच्यापर्यंत पोहोचले असे समजावे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. पण कायदा पुस्तकात आणि मांडव दारात, अशी स्थिती आहे.

तुकड्या-तुकड्यांनी दाखविल्यास नाटकाचा रसभंग होईल, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. गेल्या शतकात ग्रामोफोनच्या तबकड्यांनी नाट्यपदे नाटक कधी न पाहिलेल्या घरांत नेली. पदे ओठांवर राहिली, नाटकांतील वाद मात्र मागे पडला. समाजमाध्यमांच्या हाती हेच पुन्हा घडण्याचा धोका अधिक आहे. ती खाजगी कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि प्रेक्षकाचा वेळ जाहिरातदाराला विकून चालतात. नजर खिळवून ठेवणारे अर्धे मिनिट त्यांना हवे असते, विचार करायला लावणारा अर्धा तास नको असतो. शिवाय अनेक घरांत मोबाइल बापाच्या वा भावाच्या हाती असतो. ज्या मुलीला ‘शारदा’ कळायला हवी, तिच्या हाती तो नसतो.

यावर उपाय सामुदायिक आहे. देवलांचे निधन १९१६ साली झाले. त्यांच्या नाटकावर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. शाळांनी आणि वाचनालयांनी आठवड्याला एक प्रवेश विद्यार्थ्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावा आणि गटांवर पाठवावा. तो वर्गात सर्वांनी एकत्र ऐकावा, म्हणजे मोबाइल नसलेली मुलगी वगळली जाणार नाही. त्यावर वाद व्हावा, आणि मुलांनी दिलेली उत्तरेही पुढच्या गावी पाठविली जावीत. वर्षाअखेर गावाच्या चौकात प्रयोग व्हावा. कलापथकाचा अनुभव असलेल्या कार्यकर्त्यांना हे काम नवे नाही.

कांद्याला भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर येतो आणि ते योग्यच आहे. मुलीचा भाव ठरविला जाऊ नये यासाठीही त्याच घरांतून आवाज उठला पाहिजे. तो उठविण्याच्या कामी सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे नाटक आजही उपयोगी पडेल.